विमानाच्या सीटचं चामडं आणि त्यावरून पुसलेल्या खुणा

विमानातल्या चामड्याच्या सीटकडे नीट पाहिलं तर दाणे सगळीकडे एकसारखे दिसतात. गुराचं कातडं असं नसतं. मानेला सुरकुत्या, पोटाला सैल, पाठीला घट्ट, अशी त्याची तऱ्हा जागोजागी बदलते. सीटच्या चामड्यात हा सारखेपणा आणावा लागतो. वरचा थर घासतात, त्यावर रंगाचा लेप देतात आणि तापलेल्या प्लेटने नक्षी दाबतात. या घासण्यात जनावराच्या आयुष्याच्या खुणाही जातात.

त्या खुणा टॅनरीत, म्हणजे कातडी कमावण्याच्या कारखान्यात, स्पष्ट दिसतात. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं निळसर आणि ओलं असतं. केस निघालेले असतात, रंग अजून चढलेला नसतो. याच टप्प्यावर प्रतवारी होते. लांब, सरळ ओरखडा म्हणजे बहुधा काटेरी तार. बारीक ठिपक्यांची दाटी म्हणजे गोचीड. कण्याच्या दोन्ही बाजूंना भोकं असतील तर ती वार्बल माशीच्या अळ्यांनी जिवंतपणी पाडलेली. पोटाकडे आणि मांड्यांवर खरखरीत चट्टे दिसले की समजावं, जनावर दिवसेंदिवस शेणात बसत होतं आणि वाळलेल्या शेणाखाली कातडी सडत होती. पुठ्ठ्यावर जाड, कडक वण असेल तर तो तापल्या लोखंडाचा डाग. अमेरिकेच्या कातडी बाजारात तर या डागांवरून मालाची नावंच पडली आहेत. बिनडागाचं ते ‘नेटिव्ह’, पुठ्ठ्यावर डागलेलं ‘बट ब्रँडेड’ आणि कुशीवर डागलेलं ‘कोलोरॅडो’. डागलेल्याला भाव कमी मिळतो.

चामड्याच्या व्यवहारात जनावराला झालेली इजा मोजली जाते ती फक्त इथे, आणि तीही मालातला दोष म्हणून. भूल न देता शिंगं काढणं, खच्ची करणं, ट्रकमधले उपाशी तास, कत्तलीपूर्वी नीट बेशुद्ध न होणं, यांतलं फारच थोडं कातडीवर उमटतं. विमान कंपनीच्या खरेदीपत्रात जाडी, रंगाचा पक्केपणा, घर्षण आणि आग यांचे आकडे असतात. जनावराबद्दल सहसा एक ओळही नसते, आणि खरी तक्रार तीच आहे.

किती जनावरांचा प्रश्न आहे, याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेच्या साउथवेस्ट एअरलाइन्सने सीटची कव्हरं बदलली तेव्हा ८०,००० सीटांवरून ४३ एकर चामडं निघाल्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे सुमारे १,७४,००० चौरस मीटर, सीटमागे २.२ चौरस मीटर. १८० सीटांच्या विमानाला हाच हिशोब लावला तर ३९० चौरस मीटर होतात. मोठ्या गुराचं कातडं साधारण ४.५ ते ५ चौरस मीटर भरतं. कडा, पोटाचा सैल भाग आणि दोष टाळून कापताना त्यातलं एक तृतीयांश वाया गेलं असं धरा, तर एका विमानाला १२० च्या आसपास जनावरं लागतात.

‘मांसासाठी मारलेल्या जनावराचं कातडं फुकट का घालवायचं?’ हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. सीटसाठी गाय पाळली जात नाही, कातड्याचा वाटा जनावराच्या किमतीत छोटाच असतो. पण छोटा म्हणजे शून्य नव्हे. विमानाला हवं असतं मोठं, निर्दोष, जास्त भावाचं कातडं. एवढा भाव देणाऱ्याला ‘जनावर कसं वाढलं?’ असं विचारायचा पुरेपूर हक्क आहे. तो कुणी बजावत नाही, याचं वाईट वाटतं.

चामडं सुरक्षेसाठी लागतं, हा समज मात्र साफ चुकीचा आहे. कव्हराच्या कापडाला उभं धरून १२ सेकंद ज्योत लावतात. जळालेला भाग २० सेंटिमीटरच्या आत राहावा लागतो आणि ज्योत काढल्यावर १५ सेकंदांत विझावी लागते. १९८७ पासून अमेरिकी विमानांच्या सीट-गाद्यांना तेलाच्या बर्नरची चाचणीही आहे. सुमारे १,०४० अंश सेल्सियसची ज्योत २ मिनिटं चालते आणि वजनातली सरासरी घट १० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. यात फोम, त्यावरचा अग्निरोधक थर आणि कव्हर असा पूर्ण संच जाळतात. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप दिलेली कृत्रिम कव्हरंही हे पार करतात. कव्हर बदललं की संचाची मान्यता पुन्हा तपासावी लागते. बऱ्याच कंपन्या इथेच कंटाळून जुनं चालू ठेवतात.

कृत्रिम कव्हर फसतं ते निवडीत. पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन घाम आणि दमट हवेने आतून तुटत जातं आणि दोन-चार वर्षांत पापुद्रे सुटतात. मग ‘कृत्रिम टिकत नाही’ म्हणत पुन्हा चामडं येतं. पॉलीकार्बोनेट जातीचं मागा, आणि ७० अंश व ९५ टक्के आर्द्रतेतल्या चाचणीत ते किती आठवडे टिकलं हे लेखी घ्या. मुंबई किंवा गोव्याच्या पावसाळी हवेत उभ्या राहणाऱ्या विमानाला तर हे हवंच. शिवताना चामड्याची धारदार टोकाची सुई वापरू नका, ती लेपाला चिरते. गोल टोकाची घ्या आणि टाके फार जवळ घालू नका, नाहीतर शिवणीवर टपाल तिकिटासारखं फाटतं.

इंग्लंडमधल्या पीटरबरो इथे चामड्याच्या कातरणांचे तंतू पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी कापडात गुंतवून सीटचा माल बनतो. साउथवेस्टनेही २०१२ पासून तोच वापरायला घेतला. त्यासाठी नवं कातडं लागत नाही, ही जमेची बाजू. पण आहे ते चामडंच. जैन किंवा चामडं वर्ज्य मानणाऱ्या प्रवाशाला ते ‘कृत्रिम’ म्हणून सांगणं फसवणूक ठरेल.

लोकरीच्या कापडाकडे वळणाऱ्यांनीही चौकशी करावी. ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीखालची कातडी कापून काढण्याची पद्धत आहे. न्यूझीलंडने ती २०१८ मध्ये बंद केली.

चामडंच घ्यायचं ठरलं, तर लेदर वर्किंग ग्रुप या टॅनऱ्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या शिक्क्यावर थांबू नका. त्याचा मुख्य भर टॅनरीतलं पाणी, रसायनं आणि वीज यांवर असतो. ते तपासनीस गोठ्यात जात नाहीत. खरेदीपत्रात स्वतःच्या ओळी घाला: कातडं कोणत्या कत्तलखान्यातून आलं, ते कळपापर्यंत मागे नेता येतं का, डाग दिलेला माल चालणार नाही, शिंगं काढताना भूल आणि वेदनाशामक दिल्याचा दाखला हवा. आणि घासण्याआधीच्या, निळ्या कातड्याचा प्रतवारीचा तक्ता प्रत्येक लॉटबरोबर मागवा.