फी माफ झाली, पण एसटीचं काय?

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावचं, छोटंसं, आर्ट्स-कॉमर्स एवढंच. निम्म्याहून जास्त पोरं आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून येतात आणि पहिलं लेक्चर एसटी कधी येते त्यावर ठरतं, टाइमटेबल फक्त बोर्डावर.

२०२४ मध्ये सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची प्रोफेशनल कोर्सची फी माफ केली, चांगलंच झालं. पण गंमत बघा, अहिल्याबाई होळकर योजनेत गावाकडच्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो तो बारावीपर्यंतच, म्हणजे डिग्रीला आलं की पास विकत (सवलतीत मिळतो, तरी घरात दोघी-तिघी शिकणाऱ्या असल्या की महिन्याला जड जातंच) आणि मग घरचे म्हणतात, बाहेरून परीक्षा दे की.

कर्मवीर भाऊराव पाटलांना हे फार आधी कळलं होतं राव! १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून त्यांनी आधी पोरांच्या राहण्या-जेवणाचं बघितलं, वसतिगृहं काढली, आणि १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं ते 'कमवा आणि शिका'वरच.

आमच्याकडेही ती योजना आहे, पोरं लायब्ररीत पुस्तकं लावतात, बागेला पाणी घालतात. पैसे मात्र कधी कधी परीक्षा संपल्यावर हातात येतात. निदान ते तरी दर महिन्याला द्या, पास काढायला उपयोगी पडतील.