भाऊबीजेची ओहोटी

2024 ची दिवाळी मी इंग्लंडमध्ये केली, केंट परगण्यात ॲशफर्डला, मावसभावाकडे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहिनी चकल्या तळत होती आणि दादा शेजारी मोबाइलवर भरती-ओहोटीचं टेबल उघडून बसलेला. म्हणाला, परवा भाऊबीज, ओवाळायचं ते संध्याकाळी, सकाळी साडेपाचला निघायचं, उधाणाची ओहोटी आहे. अमावास्या झाली की एक-दोन दिवसांनी उधाण येतं आणि उधाणात पाणी जेवढं वर चढतं तेवढंच ते खालीही जातं, हे कोकणातल्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही, पण मी नाशिकची, आमच्याकडे नदी, मला हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. म्हणजे दिवाळीत समुद्र दरवर्षी असाच लांब जातो आणि आपण घरात फराळ करत असतो.

दादा गेली सहा-सात वर्षं मेटल डिटेक्टिंग करतो. शनिवार-रविवार मशीन गाडीत टाकायचं आणि किनाऱ्यावर नाहीतर एखाद्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या रानात जायचं. फोनवर तो हे सांगायचा तेव्हा मला ते गुप्तधन शोधण्यासारखं वाटायचं आणि गुप्तधन म्हटलं की आपल्याकडे लिंबू, हळद-कुंकू, अमावास्येची रात्र असलंच काहीतरी डोळ्यासमोर येतं. हे तसं अजिबात नाहीये हे कळायला मला ती एक सकाळ लागली.

आम्ही डिमचर्चला गेलो. ॲशफर्डहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. तिथली जमीन म्हणजे रॉमनी मार्श, सपाट दलदलीची, मोठ्या भरतीचं पाणी जेवढं चढतं त्याच्याही खाली असलेली, त्यामुळे गाव आणि समुद्र यांच्यामध्ये लांबच लांब भिंत बांधलेली आहे. भिंतीजवळ एक गोल जाडजूड बुरूज दिसतो. नेपोलियन येईल या भीतीने इंग्रजांनी 1805 पासून पुढे दक्षिण किनाऱ्यावर असे 74 बुरूज बांधले, मार्टेलो टॉवर म्हणतात त्यांना, त्यातला हा 24 नंबरचा. नेपोलियन आलाच नाही. बुरूज आहे अजून.

भिंतीच्या पायऱ्या उतरलो तर समोर समुद्रच नाही! नुसती ओली वाळू, फटफटत होतं तेव्हा ती राखाडी दिसत होती, आणि पार लांब पांढरी रेघ म्हणजे पाणी. उजवीकडे दूरवर डंजनेसच्या अणुवीज केंद्राचे ठोकळे. थंडी अशी की नाकाचा शेंडा बधिर. वहिनीने थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि डब्यात चिवडा दिला होता, तो आधी भिंतीवर बसून खाल्ला.

दादाचं मशीन मिनेलॅब इक्विनॉक्स. काठी, खाली ताटाएवढी कॉइल, वर छोटी स्क्रीन, कानाला हेडफोन. त्याने मला पाच मिनिटांत समजावलं ते असं, की कॉइल जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, खाली धातू असला की त्यात बारीक भोवऱ्यासारखे करंट उठतात, त्या करंटचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि कॉइल ते परत ऐकते. मला हे "ऐकते" फार आवडलं. अलेक्झांडर ग्राहम बेलने 1881 मध्ये असंच एक यंत्र करून गोळी लागलेल्या अमेरिकन राष्ट्राध्यक्ष गारफिल्डच्या अंगातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता आणि गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी गोंधळ घातला, गोळी काही सापडली नाही. म्हणजे टेलिफोनवाल्याचंच हे दुसरं ऐकण्याचं यंत्र.

समुद्रकिनाऱ्यावर अडचण खाऱ्या पाण्याची. ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहून नेते, म्हणून साधं मशीन तिथे सारखं कुरकुरतं, काही नसताना बोलतं. दादाचं मशीन एका वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं म्हणून ते सावरून घेतं, तरी त्याने आधी कॉइल वाळूवर वर-खाली करत मशीनला "ही वाळू, हिच्याकडे लक्ष देऊ नको" असं शिकवलं. मग म्हणाला, आता तू. हळू फिरव, कॉइल वाळूला घासली तरी चालेल पण वर उचलू नको, आपण गवत कापत नाहीये, सारवतोय असं समज.

सारवणं म्हटल्यावर हाताला लगेच जमलं.

पहिल्या तासात काय मिळालं ते सांगते. कोल्ड्रिंकच्या कॅनच्या सात रिंगा, तीन बाटल्यांची बुचं, गळाला लावायची शिशाची दोन वजनं, एक तंबूचा खुंटा आणि दोन-दोन पेनींची चार नाणी. मी रिंगा बघून वैतागले तर दादा म्हणाला रिंगा खणायच्याच, कारण सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमची रिंग मशीनला जवळजवळ सारख्याच ऐकू येतात, रिंगा टाळल्यास तर अंगठ्यापण गेल्या. आणि कचरा परत वाळूत टाकायचा नाही, त्यासाठी कमरेला वेगळी पिशवी. खड्डा प्रत्येक वेळी बुजवायचा. मी एक तसाच सोडून पुढे गेले तर तो मागे जाऊन बुजवून आला आणि मग जरा कडक आवाजात म्हणाला, इथे लोक घोडे घेऊन येतात, पाय मुरगळला तर? त्यानंतर मी एकही विसरले नाही.

त्या पेनीच्या नाण्यांनी मला नाशिकला नेलं. चारपैकी तीन नाणी फुगून, गंजून, कडांना सोलपटलेली होती, एक मात्र हिरवट पण धड. दादाने स्कूपच्या, म्हणजे वाळू खणून गाळायच्या जाळीदार खोऱ्याच्या, दांड्याला बांधलेलं लोहचुंबक लावून दाखवलं, तीन चिकटली, चौथं नाही. 1992 पासून इंग्लंडची तांब्यासारखी दिसणारी ही सुटी नाणी आतून पोलादाची असतात, वर नुसता तांब्याचा मुलामा, त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्यांची अशी दशा होते, त्याआधीची ब्राँझची नाणी टिकतात. मी म्हटलं अरे हे तर आपल्या रामकुंडावरचं! आम्ही लहानपणी पंचवटीत जायचो तेव्हा दोरीला लोहचुंबक बांधून गोदावरीत फेकणारी पोरं असायची, आजही असतात, लोक पुलावरून, घाटावरून गंगामाईला नाणं टाकतात आणि ही पोरं ते चुंबकाने ओढून काढतात. आणि तिथून थोडं वर सराफ बाजारात झारेकरी, सोनारांच्या दुकानासमोरची धूळ झाडून, गटारातला गाळ पाटीत धुवून त्यातून सोन्याचा कण वेगळा करणारी माणसं. दादाचं आजोळ नाशिकच, त्यालाही हे सगळं माहीत, तो म्हणाला मी हे मशीन घेतलं तेव्हा पहिली आठवण झारेकऱ्यांचीच आली होती. त्यांच्याकडे मशीन नाही, पण जड ते तळाशी राहतं एवढा एक नियम त्यांना पक्का माहीत. किनाऱ्यावरही तोच नियम चालतो. वादळाने वरची हलकी वाळू वाहून नेली की खालचा खडीचा थर उघडा पडतो आणि शिसं, नाणी, अंगठ्या हे सगळं जड सामान तिथे एका पट्ट्यात जमतं. म्हणून दादा आधी वाळू बघत फिरतो, मशीन नंतर चालू करतो.

त्याने तसा एक पट्टा शोधला, बारीक काळी खडी आणि शिंपले असलेला, आणि मला तिथे उभं केलं. आठ वाजायला आले असतील. सिग्नल आला तो आधीच्या रिंगांसारखा खरखरीत नव्हता, गोल होता, दोन्ही बाजूंनी सारखाच. स्क्रीनवर धातूचा अंदाज देणारा आकडा, 21, 21, 22. दादा काही बोलला नाही, नुसती मान हलवली. स्कूप मारला, वाळू गाळली, काही नाही, परत मारला, आणि जाळीत शिंपल्यांच्या मध्ये एक काळी चकती. नखाएवढी पातळ. मी तिला अंगठ्याने चोळलं नाही, दादाने आधीच बजावलेलं की चोळायचं नाही, वाळूचे कण चरे पाडतात, नुसतं डब्यातल्या पाण्यात हलवायचं. हलवलं. काळ्या चांदीवर आधी ओकच्या फांद्या दिसल्या, त्यांना बोंडं, मग आकडे. 1936. सिक्सपेन्स, म्हणजे सहा पेन्सचं नाणं. पंचम जॉर्जचा.

इंग्लंडच्या चांदीच्या नाण्यात 1920 च्या आधी साडेब्याण्णव टक्के चांदी असायची, 1920 ते 46 निम्मी, 1947 पासून अजिबात नाही, म्हणजे हे निम्म्या चांदीचं. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीने. कडेने जी रोमन अक्षरं कोरलेली त्यात "इंड इम्प" असं होतं. दादाने अर्थ सांगितला, लॅटिनमधलं छोटं रूप, हिंदुस्थानचा सम्राट. 1948 पर्यंत त्यांच्या नाण्यांवर हे असायचं. केंटमधला कोणी मजूर, कोणी शाळकरी पोरगी, वाळूत बसून आइस्क्रीमसाठी खिशातून हे काढणार आणि त्याच्यावर आपला देश लिहिलेला. तिला वाचता तरी आलं असेल का ते? माझे आजोबा 1936 मध्ये नाशिकला सहावीत होते. मी कितीतरी वेळ ते तळहातावर धरून उभी होते, बोटं गार पडली तरी.

दादाने मोबाइलवर जागा, तारीख, खोली नोंदवून घेतली, फोटो काढला, मगच डबीत ठेवलं. हे तो प्रत्येक वस्तूचं करतो. तिथे 1996 चा ट्रेझर ॲक्ट आहे, 300 वर्षांपेक्षा जुनी आणि कमीत कमी 10 टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू सापडली, किंवा तसली दोन नाणी एकत्र सापडली, तर 14 दिवसांत कळवावं लागतं. बुडालेल्या जहाजातलं काही असेल तर 28 दिवसांत, त्याचं खातं वेगळं. बाकीच्या जुन्या वस्तू कायद्याने सांगायची सक्ती नाही, तरी हजारो लोक आपणहून सांगतात, कारण 1997 पासून त्यासाठी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे, परगण्या-परगण्यात एक अधिकारी बसतो, तो वस्तू बघतो, मोजतो, नोंद करतो आणि परत देतो. 15 लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झालीये आणि ती कोणालाही बघता येते. दादाचं एक मध्ययुगीन बकल आहे त्यात, त्याने कौतुकाने दाखवलं.

आणि हॉक्स्नची गोष्ट तर मी आल्यापासून सगळ्यांना सांगतेय. 1992, सफोकमधलं हॉक्स्न गाव, एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला म्हणून त्याने मित्राला डिटेक्टर घेऊन बोलावलं, तर मित्राला सापडला रोमन काळातला खजिना, सुमारे 15 हजार नाणी, दागिने, चमचे. थोडं काढल्यावर त्या माणसाने खणणं थांबवलं आणि कळवलं, म्हणून पुरातत्त्ववाल्यांना तो लाकडी पेटीत कसा रचून ठेवला होता तेसुद्धा समजलं. हातोडाही सापडला. तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

हे लिहिताना मला 2025 च्या मार्चमधलं बुऱ्हाणपूर आठवतंय. एका सिनेमानंतर असीरगडाजवळच्या शेतांमध्ये लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन मोहरा शोधायला खणत होते, बातम्यांत सगळ्यांनी बघितलं. मला ते बघून फार वाईट वाटलं. आपल्याकडेही 1878 चा कायदा आहे, 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, पण कळवलं तर आपलं कौतुक होईल, वस्तू नीट बघितली जाईल असा भरवसा सामान्य माणसाला वाटायला हवा ना. गडावरून काढलेलं नाणं बाजारात गेलं की ते कुठल्या थरात, कुठल्या भिंतीशी, कशाशेजारी होतं ते कायमचं पुसलं जातं. मग उरतं नुसतं वजन. कृपा करून गडांवर मशीन घेऊन जाऊ नका, कोणी नेत असेल तर अडवा.

नऊच्या आत दादाने मशीन बंद केलं. पाणी वळलं होतं आणि सपाट वाळूवर ते समोरून येतं तसं बाजूच्या खोलगट चरांतून मागूनही येतं, भरती लागली की एक मिनिट थांबायचं नाही हा त्याचा नियम. संध्याकाळी ओवाळलं. तो म्हणाला ओवाळणीत सिक्सपेन्स घे. पण तिथल्या जमिनीतून निघालेल्या 50 वर्षांवरच्या वस्तूला देशाबाहेर न्यायला लायसन्स लागतं, म्हणून मी म्हटलं तुझ्याकडेच राहू दे, माझ्या नावाची चिठ्ठी लावून.

परतायच्या आदल्या दिवशी लंडनला थेम्सच्या काठावर एक गाइडवाली फेरी केली. थेम्सला लंडन ब्रिजपाशी सात मीटरपर्यंत भरती-ओहोटी होते, पाणी उतरलं की काठालगतचा तळ उघडा. तिथे स्वतः शोधायला पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचं परमिट लागतं, आम्ही फक्त बघत होतो, हात लावायचा नाही. चिलमींचे पांढरे तुकडे, हाडं, खिळे, कालवांचे शिंपले, पायाखाली खच नुसता. एका ठिकाणी गाळातून हिरवा पडलेला तांब्याचा पत्रा डोकावत होता. मी वाकून बघितलं, एकात एक त्रिकोण आणि भोवती पाकळ्या. श्रीयंत्र! गाइड म्हणाली हो, इथे देवांच्या मूर्ती, यंत्रं बऱ्याचदा दिसतात, लंडनमधले हिंदू थेम्समध्ये विसर्जन करतात. मग तिने बॅटरसीच्या ढालीचं सांगितलं, दोन हजार वर्षांपेक्षा जुनी ब्राँझची ढाल, 1857 च्या सुमाराला याच नदीत मिळाली, आणि ती पडली नसून नदीला वाहिली असावी असं म्हणतात. घोळक्यातल्या एकाने मला विचारलं, ते यंत्र उचलून बाजूला ठेवायचं का? मी नको म्हटलं. वाहिलेलं आहे ते.

जानेवारीत रामकुंडावर गेले होते. थंडीतही एक बारा-तेरा वर्षांचं पोरगं दोरी फेकत होतं. डब्यात सगळी आताची एक-दोनची नाणी, चुंबकाला चिकटणारी. मी विचारलं जुनी मिळतात का रे, ती तर चिकटत नाहीत. त्याने चड्डीच्या खिशातून एक जुना मोठा रुपया काढला, ऐंशीच्या दशकातला, काळा पडलेला.

"हा कसा मिळाला मग?"

"पायानं," तो म्हणाला. "गाळात उभं राहायचं आन् पाय हलवायचा हळूहळू. कळतं."

कुठे मिळाला विचारलं तर त्याने बोट करून दाखवलं, उजवीकडून तिसरी पायरी, तिथून दोन हात आत.