एका पात्यावरून गेलेली पेटी

परसातल्या सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्यांपैकी एक गेल्या जुलैत रिकामी झाली. सकाळी झाकण उघडलं तर चौकटींवर एकही माशी दिसेना. मधाच्या घरांतून मात्र मुंग्यांची रांग लागलेली. सातेरी अशीच. फार त्रास झाला की राणीला घेऊन चालती होते.

खरं तर स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत होते. आमचं दुधाचं जाळीचं कपाट वर्षानुवर्षं तसंच उभं असायचं, त्यामुळे हे कुणी शिकवावंही लागलं नव्हतं. सासूबाई येऊन पेटी बघून गेल्या आणि जाता जाता एवढंच विचारलं, "साखरेचा पाणी सांडलंस काय गो?"

सांडलं होतं. भर पावसात आमच्या कुडाळकडे माश्यांना पुरेसा फुलोरा नसतो, म्हणून पाक द्यावा लागतो, वाटीभर साखरेला वाटीभर पाणी. बरणी ठेवताना हात हलला आणि पाक तळपाटावरून खाली ओघळला. अंधारून आलं होतं, म्हटलं सकाळी पुसू.

पण मुंग्यांनी पाणी ओलांडलं कसं? उकिडवी बसून बघितलं. वाटीशेजारचं गवताचं एक पातं पावसाने वाकून पायाला टेकलं होतं. त्या एवढ्याशा पात्यावरून दुहेरी वाहतूक! समोरासमोर आल्या की क्षणभर तोंडाला तोंड लावायच्या नि पुढे सरकायच्या. मागच्या वाटीत तर आंब्याची पानं पडून आयता पूल झाला होता.

शेजारच्या दादांनी मुंग्यांचा खडू आणून दिला. त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरात डेल्टामेथ्रिन लिहिलेलं. ते माश्यांनाही मारतं, परत केला. हळद टाकून बघितली, आमच्या मुंग्या हळदीवरून चालत गेल्या. राख चांगली, पण कोरडी असेपर्यंत. कोकणात जुलैमध्ये कोरडी राख!

आता पेटीभोवती दोन हात जमीन साफ ठेवते. वाट्यांच्या वर, प्रत्येक पायात, डब्याचं भोक पाडलेलं झाकण छत्रीसारखं बसवलंय. पाऊस आणि पानं वाटीत पडत नाहीत, पाणी प्यायला आलेल्या माश्याही पूर्वीइतक्या बुडत नाहीत. झाकणाखाली पायाला ग्रीसचा पट्टा आहे, तो आडोशाला असल्यामुळे त्यावर धूळ बसत नाही. पाक संध्याकाळीच देते, हातात ओलं फडकं घेऊन.

हुमल्यांचं प्रकरण वेगळं. पानं शिवून घर करणारे हे लाल मुंगळे झाडावरून थेट पेटीच्या छपरावर उतरतात आणि दारातली माशी उचलून नेतात. तिथे वाट्या काय करणार? हापूसची टेकलेली फांदी तोडावी लागली. त्या फांदीला दोन डझन आंबे धरले असते, हे ह्यांचं अजून चाललंय.