टाचदुखीतून बाहेर पडताना: माझा अनुभव

मिरजेत आमचे औषधांचे दुकान आहे आणि दिवसाचे दहा-अकरा तास मी काउंटरमागे उभा असतो. दुकानात देवाचा फोटो असल्यामुळे आत चप्पल घालायची नाही, हा वडिलांच्या काळापासूनचा शिरस्ता; म्हणजे एवढा सगळा वेळ अनवाणी पाय कडक फरशीवर. पन्नाशीच्या आसपास माझी उजवी टाच दुखू लागली. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकवले की टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला अशी कळ येई की भिंतीचा आधार घ्यावा लागे. थोडे चालल्यावर ती ओसरे, पण दुपारी जेवणानंतर जरा बसून उठलो की पुन्हा तीच कळ, आणि रात्री दुकान बंद करताना टाच ठणकत असे.

‘हाड वाढलं असेल,’ असे जवळजवळ प्रत्येकाने सांगितले. नेहमी येणाऱ्या एका आजींनी उपायही सांगितला: ‘वीट तापवा, वर रुईची पानं ठेवा आणि टाच शेका, दादा.’ शेकल्याने रात्री बरे वाटे, सकाळची कळ मात्र तशीच राही. हा उपाय घरोघरी होतो म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो: मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी तापलेल्या विटेवर टाच मुळीच ठेवू नये, कारण कातडी भाजली तरी त्यांना ते कळत नाही आणि ती जखम लवकर भरत नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासणीला बराच वेळ दिला. टाचेच्या आतल्या कडेला, जिथे टाच संपून तळव्याची कमान सुरू होते, तिथे त्यांनी अंगठ्याने दाबले आणि दुखण्याची नेमकी जागा तिथेच सापडली. मग टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबून पाहिली, कारण हाडाला बारीक चीर गेली असेल तर अशा दाबाने दुखते. पायाला मुंग्या येतात का, सकाळी कंबर आखडते का, हेही विचारले. निदान प्लांटार फॅसायटिस, म्हणजे तळव्याखालच्या पट्ट्याचे दुखणे, असे झाले. एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला लहानसा काटा दिसत होता. पण असा काटा टाच कधीही न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही दिसतो, तेव्हा दुखण्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. चालताना टाच उचलली गेली आणि बोटे वर वाकली की, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती ताणला जातो आणि पायाची कमान उचलून धरतो. ही क्रिया हिक्स या संशोधकांनी १९५४ साली वर्णन केली. रात्रभर पाऊल खाली झुकलेले असल्यामुळे पट्टा आखडून राहतो, आणि पहिल्या पावलाला त्याच्यावर एकदम सगळा भार येतो. जुनाट दुखण्यात या पट्ट्याचे नमुने तपासले असता त्यात दाहापेक्षा तंतूंची झीजच अधिक आढळली आहे. हे समजल्यावर माझ्याच दुकानातल्या वेदनाशामक गोळ्यांकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. त्या चार दिवस ठणका कमी करतात, पण झिजलेल्या पट्ट्याला बळकटी देत नाहीत आणि लांबल्या तर पोटाला व मूत्रपिंडांना त्रास देतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा विषयही निघाला. त्याचा गुण मुख्यतः पहिल्या महिनाभरापुरता असतो, आणि पट्टा फाटण्याचा किंवा टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका थोडा का होईना असतोच. म्हणून आधी व्यायाम पुरेसे दिवस करून पाहू, असे आम्ही ठरवले.

फिजिओथेरपिस्टनी पहिला व्यायाम अंथरुणातच करायला सांगितला. दुखरे पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्यायचे, हाताने बोटे नडगीकडे ओढायची आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवून पट्टा खरोखर ताणला गेला आहे ना, हे चाचपायचे. बोटे ओढली की कमानीत एक कडक शीर उठून आलेली बोटाला लागते. दहा अंक मोजेपर्यंत ताण, असे दहा वेळा, आणि हे सगळे पाय जमिनीला लावण्यापूर्वी. भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा व्यायाम याच्या जोडीला होता.

खरा फरक मात्र भार घेण्याच्या व्यायामाने पडला, असे माझे मत आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी ४८ रुग्णांवर केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो वापरला होता. पायरीच्या कडेवर टॉवेलची गुंडाळी ठेवून तिच्यावर बोटे वर वाकतील असे उभे राहायचे, तीन अंकांत टाच उचलायची, दोन अंक थांबायचे, तीन अंकांत खाली यायचे. तेही एका पायावर आणि दिवसाआड. जमू लागले की पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तके भरून वजन वाढवायचे. त्या अभ्यासात तीन महिन्यांनंतर या गटाला नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक आराम होता. वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच सुधारले होते. व्यायाम करताना थोडे दुखले तरी चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळची कळ नेहमीपेक्षा वाढली असेल तर भार जास्त झाला असे समजायचे, हा नियम मला सर्वांत उपयोगी पडला.

राहिला प्रश्न अनवाणी उभे राहण्याचा. वडिलांचा नियम मोडायला मन धजत नव्हते. शेवटी फक्त दुकानात वापरायची, रस्त्याची धूळ कधीही न लागलेली एमसीआरची (मऊ, सच्छिद्र रबराची) चप्पल वेगळी ठेवली आणि काउंटरमागे रबरी चटई अंथरली. आईने त्याला हरकत घेतली नाही, याचे मला फार बरे वाटले.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. सणासुदीच्या गर्दीत पुन्हा दुखे, मग ओसरे. आधी सकाळची कळ बोथट झाली, नंतर ती अधूनमधूनच येऊ लागली आणि काही महिन्यांनी उठताना टाचेकडे लक्ष जाईनासे झाले. बहुतेकांचे दुखणे शस्त्रक्रियेविना वर्षभरात आटोक्यात येते, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितले होते म्हणून धीर टिकला. पायरीवरचा व्यायाम मी अजूनही करतो.

आता कोणी चपला-बुटांत टाचेखाली ठेवायची सिलिकॉनची गादी किंवा ‘हाड विरघळवणारं औषध’ मागायला आले, की असे औषध नसते हे सांगून मी आधी चौकशी करतो. रात्री झोपेतही दुखते का, टाच सुजली आहे का, तळव्याला बधिरपणा आहे का, तरुण वयात दोन्ही टाचा दुखून सकाळी कंबरही आखडते का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर गिऱ्हाइकाला डॉक्टरांकडे पाठवतो. बाकीच्यांना, गर्दी नसेल तर, स्टुलावर बसवून बोटे कशी ओढायची ते दाखवतो.