खाली सही केलेली अफवा

१९ नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान दुसऱ्या दिवशी, प्रचार आदल्या संध्याकाळीच थांबलेला. अशा दिवशी रस्ते गप्प असतात आणि मोबाइल पेटलेले. आमच्या पोलीस ठाण्यात सोशल मीडियाचं टेबल माझ्याकडे होतं. सकाळी एक कार्यकर्ता व्हिडिओ घेऊन आला. टेम्पोत मतदान यंत्रं, खाली मजकूर : 'आपल्याच तालुक्यात काल रात्री. जागे राहा!' आणि त्याखाली चक्क पूर्ण नाव, निवृत्त मुख्याध्यापक.

अफवेखाली सही मी पहिल्यांदाच बघितली.

व्हिडिओ थांबवला तर मागच्या दुकानाची पाटी बंगालीत. वर दोन बाणांची खूण, म्हणजे निदान पाच हातांतून फिरून आलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर असा मजकूर एका वेळी एकालाच पुढे पाठवता येतो. गुरुजींनी तो अकरा ग्रुपांवर एकेक करून पाठवला होता. चिकाटी शिक्षकाची!

साहेब म्हणाले, गुन्हा नको, नोटीस देऊन समज द्या. गुन्हा घडू नये म्हणून द्यायच्या या नोटिशीला पूर्वी आम्ही कलम १४९ ची म्हणायचो, नव्या कायद्यात ती १६८ ची झाली. मला ते पटलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टवरून अटक झाली, त्यातल्या एकीने तर ती नुसती लाइक केली होती. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलमच पुढे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. बेड्यांची घाई बरी नव्हे.

गुरुजी नातवाला घेऊन आले. पाटी दाखवल्यावर चेहरा उतरला. "पण मला हा आमच्या जुन्या सहकाऱ्यानं पाठवला. तो खोटं कशाला बोलेल?"

नातू इंजिनिअरिंगचा. "आजोबा, डिलीट करा, विषय संपला."

"शब्द गेला तो गेला. मी चूक लिहून कळवणार."

"कशाला? लोक स्क्रीनशॉट काढून फिरवतील. आणि नाव तरी कशाला लावायचं? माझ्या मीम पेजवर आहे का कुठं माझं नाव?"

"आमच्या वेळी निनावी पत्र केराच्या टोपलीत जायचं."

"तुमची पेन्शन चालू आहे, आजोबा. मला अजून नोकरी लागायचीय."

यावर गुरुजींकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. पोराचं पेज मी आधीच पाहिलं होतं. सगळ्याच पक्षांची टर उडवलेली, पण खोटं काही नव्हतं.

अर्धा तास एका बोटाने टाइप करून गुरुजींनी अकराही ग्रुपांवर लिहिलं : 'व्हिडिओ आपल्याकडचा नाही. खात्री न करता पाठवला. चूक माझी.' खाली पुन्हा पूर्ण नाव. एका ग्रुपवर लगेच उत्तर आलं, 'तरी सावध राहिलेलं बरं', आणि सोबत तोच व्हिडिओ.

मग त्यांनी नोटिशीवर सही केली. कागद परत आला तेव्हा त्यातल्या 'समाजिक'ला लाल पेनाने काना दिलेला होता. नातवाने फोटो काढायला मोबाइल वर केला. मी नुसतं बघितलं. त्याने तो खिशात घातला.