दोष कंट्रोलरमध्ये नव्हता
आज बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत ४८ व्होल्टच्या इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टपाशी अर्धा दिवस गेला, कारण स्टिअरिंग डावीकडे वळवले की गाडी झटका देऊन थांबत होती आणि सर्वांचा संशय मोटर चालवणाऱ्या महागड्या कंट्रोलरवर होता. बॅटरी, फ्यूज आणि वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, ठीक निघाले. मग चाक जमिनीपासून उचलून, चाकाचा कोन कंट्रोलरला सांगणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या सिग्नलवर मल्टिमीटर लावून स्टिअरिंग हळूहळू फिरवले, तेव्हा सावकाश बदलणारे व्होल्टेज एका ठिकाणी एकदम शून्यावर आले. त्या सिग्नलची तार वरून धडधाकट दिसत होती. आवरण सोलले तेव्हा आत तांबे हिरवे पडून तुटलेले आढळले. चाकाचा कोन कळेनासा झाल्यावर कंट्रोलरने मोटर थांबवली, हे योग्यच होते, कारण कास्टिंगचा भार उचललेली गाडी भलतीकडे वळली तर माणसाच्या जिवावर बेतते. नवी तार थोडी सैल सोडून बांधली. दुसऱ्या पाळीत गाडी कामाला लागली.