कठीण गोलावरून विखुरणारा ध्वनी: सीमा-घटक पद्धतीतला फसवा आकडा

कठीण वस्तूवरून ध्वनी कसा विखुरतो हे काढायला सीमा-घटक पद्धत (वस्तूच्या पृष्ठभागाचे छोटे तुकडे, म्हणजे घटक, करून समीकरणे सोडवणारी) मला सर्वांत सोयीची वाटते, कारण जाळी फक्त पृष्ठभागावर लागते. एका तरंगलांबीत किमान 6 घटक ठेवा. मॅट्रिक्स मात्र पूर्ण भरलेली असते: 10,000 अज्ञातांना दुहेरी अचूकतेच्या संमिश्र संख्यांत 1.6 जीबी मेमरी लागते.

खरी अडचण वेगळीच आहे. 10 सेंमी त्रिज्येचा गोल घ्या. हवेत 1715 हर्ट्झजवळ (तरंगसंख्या k, म्हणजे 2π भागिले तरंगलांबी, गुणिले त्रिज्या = π) उत्तर अचानक बिघडते. जाळी कितीही बारीक करा, दोष जात नाही, कारण तो गोलाच्या आतल्या, प्रत्यक्षात नसलेल्या पोकळीच्या अनुनादातून येतो.

उपाय म्हणून आत काही बिंदू घेऊन तिथे एकूण दाब शून्य असल्याची समीकरणे जोडतात आणि न्यूनतम वर्ग पद्धतीने सोडवतात. पण एकच बिंदू, तोही केंद्रात, घेऊ नका! k गुणिले त्रिज्या π असताना तो चालतो, पण पुढच्या अनुनादाला, 4.493 ला, निरुपयोगी ठरतो. त्या अनुनादात केंद्रावर दाब आधीच शून्य असतो. बिंदू वेडेवाकडे विखरून ठेवा.

उच्च वारंवारतेला बर्टन-मिलर पद्धत (1971), जी मूळ समीकरणात त्याचेच अवकलज i/k ने गुणून मिळवते, अधिक भरवशाची. तिच्यातल्या i/k गुणकाचे चिन्ह तुमच्या कालघटकाच्या (e^(+iωt) की e^(−iωt)) चिन्हाशी जुळलेच पाहिजे. मग गोलासाठी माहीत असलेल्या अचूक श्रेणी-उत्तराशी ताडून पाहा.